आपला कागद आपण वाचायचा

बाळा,

एका वर्षासाठी एवढं सगळं करायचं का, असं तू जाताजाता विचारून गेलीस. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुझ्या आधीच्या उत्तरांतच माझं डोकं अडकलं होतं. व्हिसा कुठला? "कंपनी बघतेय." पगार इथे जमा होणार की तिथे? "एचआरला विचारते." राहणार कुठे? "एजंट आहे मावशी, तो करून देतो सगळं." ऑगस्टमध्ये तू वर्षभराच्या कामासाठी जर्मनीत स्टुटगार्टला उतरणार आणि तुझ्या वर्षाची माहिती तू सोडून सगळ्यांकडे आहे.

तू कामात चोख आहेस हे मला माहीत आहे, तिथेही चोखच राहशील, त्यावर मी एक ओळ खर्च करणार नाही. थंडीचे कपडे, कुकर, गोडा मसाला हे तुझी आई बघेल. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि या पत्रात ती पुन्हापुन्हा सांगणार आहे. कंटाळलीस तरी वाच. आपला कागद आपण वाचायचा. मदत कुणाचीही घे, पैसे देऊन घे हवी तर, पण कागद आधी तुझ्या डोळ्यांखालून गेला पाहिजे आणि त्याची प्रत तुझ्या कपाटात राहिली पाहिजे.

पहिला कागद म्हणजे तुझं नेमणूकपत्र. पुण्याच्या कंपनीच्याच नोकरीत राहून तिकडे जातेस, की वर्षभरासाठी जर्मन कंपनीशी नवा करार होतोय? हे तुला सांगता आलं नाही म्हणून मी चिडले होते. या एका उत्तरावर तुझं बाकीचं सगळं ठरतं. नोकरी इथलीच राहणार आणि त्याच समूहाच्या तिकडच्या कंपनीत बदली असेल, तर आयसीटी कार्डाचा, म्हणजे अशा बदलीसाठीच्या परवान्याचा रस्ता असतो. तिकडचा करार असेल तर ब्लू कार्ड किंवा त्यासारखा दुसरा परवाना. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. इथली नोकरी चालू ठेवून गेलीस, तर पीएफ कार्यालयाकडून कव्हरेज सर्टिफिकेट, म्हणजे तू इथल्याच योजनेत आहेस असा दाखला घेता येतो आणि 48 महिन्यांपर्यंत तिकडच्या पेन्शन विम्यात पैसे भरावे लागत नाहीत. तो कागद कुणी काढलाच नाही तर? तिकडच्या करारावर गेलीस तर पेन्शन विम्याचे 18.6 टक्के कापले जातात, त्यातले निम्मे तुझ्या पगारातून. आता सांग, हे 'कंपनी बघतेय' म्हणून सोडून द्यायचं आहे का? कंपनी कंपनीचं बघते. तिने तेच करावं, मला त्यात काही गैर वाटत नाही. तुझं बघायला तू आहेस.

आणि त्या एजंटने तुझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का करून देतो म्हणून पैसे मागितले आहेत ना? भारत अपोस्टिलच्या करारात 2005 साली गेला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतली, म्हणून आपल्या कागदावरचा तो शिक्का जर्मन कार्यालयात चालत नाही. जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावर हे लिहिलेलं आहे. पदवीसाठी बघायचं ते वेगळंच: आनाबिन नावाची त्यांची यादी आहे, त्यात आपलं विद्यापीठ आणि आपली पदवी कशी नोंदवली आहे ते शोधायचं आणि ते पान छापून फाइलला लावायचं. एका संध्याकाळचं काम आहे. तुझ्याकडून त्याचे पैसे घेणारा माणूस वाईट असेल असं नाही, त्यानेही बहुधा ते पान वाचलेलं नाही.

मी एवढी का तापते ते आता लिहिते, कारण तुझ्या आईने तुला अर्धवटच सांगितलं असणार.

मी 1993 मध्ये स्टुटगार्टला गेले तेव्हा पिंपरीतल्या एका कारखान्यात टूल डिझाइनला होते. ड्रॉइंग ऑफिसात बाई म्हणजे नवल, आणि त्या बाईला परदेशी पाठवणं म्हणजे साहेबांनी केलेले उपकार, अशी तेव्हाची हवा. तिकिटापासून परवान्यापर्यंत सगळे कागद ऑफिसच्या कपाटात. विचारलं की "तुम्ही कशाला काळजी करता, मॅडम" हे उत्तर ठरलेलं. तिकडे मी त्या कंपनीच्या पगारपत्रकावर होते आणि काम असं होतं की आजही आठवलं की हात शिवशिवतात. वर्ष संपत आलं तेव्हा तिकडच्या लोकांनी मला आणखी एक वर्ष ठेवून घ्यायचं पत्र पुण्याला पाठवलं. ते पत्र इथे कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडून राहिलं. मी परत आले, पुन्हा जुन्या टेबलावर बसले, आणि बऱ्याच महिन्यांनी तिकडच्या एका सहकाऱ्याने नाताळच्या शुभेच्छांत सहज विचारलं की तुम्ही नकार का दिलात. मी नाही म्हटलेलंच नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दुसऱ्या वर्षाची हळहळ मला अजून आहे. तीस वर्षं झाली, आता काय त्याचं, असं तुझे काका म्हणतात. असू दे. त्या वर्षात मी डाय कास्टिंगचं जे शिकले असते ते मला इथे कुणीच शिकवू शकत नव्हतं.

पण त्याच धक्क्याने मी पुढचं काम केलं. तिकडे पगारातून पेन्शनचे पैसे कापले गेले होते. आपल्या देशाशी तेव्हा असा करारच नव्हता, पण देश सोडून दोन वर्षं झाली की कर्मचाऱ्याच्या वाट्याचे पैसे परत मागता येत. मालकाच्या वाट्याचे नाहीत, आपल्याच. इथल्या ऑफिसात म्हणाले, ते गेले समजा. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं, शब्दकोश घेऊन बसले आणि बर्लिनच्या पेन्शन कार्यालयाला माझ्या हाताने जर्मनमध्ये पत्र लिहिलं. त्यांनी फॉर्म पाठवला. मी भरला. त्यांनी आणखी एक कागद मागितला, मी तोही शोधून पाठवला. पैसे आले, मार्कांत आले. रकमेत फार काही नव्हतं, पण त्या दिवशी कोथरूडच्या बँकेतून घरी येताना मला जे वाटलं ते नोकरीतल्या कुठल्याही बढतीने वाटलं नाही. तेव्हापासून मी अशी आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक म्हणतात की बाई प्रत्येक कागदाला अडवतात, संशयी आहेत. मी संशय घेत नाही, मी वाचते. अडवलेल्या कागदांतून सोसायटीचं काय काय वाचलं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आता तुझ्या घराकडे येते, कारण सगळ्यात जास्त कागद तिथे आहेत.

भाड्याच्या करारात दोन आकडे असतात, काल्टमीटे आणि वार्ममीटे. पहिलं नुसतं भाडं, दुसऱ्यात हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं. वीज बहुतेक वेळा दोन्हींत नसते. अनामत रक्कम तीन काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, कायद्यात तसं आहे. जास्त मागणाऱ्याला हे शांतपणे सांगायचं. घरात शिरल्यावर दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा आणि त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेलं पत्र लागतं. 'नोंदणी करून मिळणार नाही' असं सांगणारी स्वस्त खोली एजंट दाखवेल. ती घ्यायची नाही. नोंदणी झाली नाही तर करक्रमांक येत नाही, आणि करक्रमांक नसला तर पगारातून सगळ्यात चढ्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. तो क्रमांक पोस्टाने येतो, म्हणून टपालपेटीवर तुझं आडनाव लावलेलं हवं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. आपल्याकडे वॉचमन आहे, तिथे नाही.

करारासोबत घराचे नियम येतात. तेही करारच आहेत. त्या भागात केअरवोखे असते, म्हणजे जिना आणि दारापुढची जागा झाडण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येक भाडेकरूकडे येते. शेजारीण येऊन ओरडली म्हणून रडत बसणारी मुलं मी पाहिली आहेत. शेजारीण बरोबर होती, नियम त्यांच्या सहीखाली होता.

आणि हे अधोरेखित करून ठेव. घर सोडायची सूचना तीन महिने आधी द्यावी लागते, लेखी, शाईच्या सहीने. व्हॉट्सअ‍ॅप नाही, ईमेल नाही. वर्षभरासाठी गेलेल्या माणसाने नववा महिना संपायच्या आतच ते पत्र टाकायचं असतं, आणि तेव्हा तर तू नुकती कुठे रुळलेली असशील. फोनचे आणि इंटरनेटचे करार सर्रास 24 महिन्यांचे असतात. तू 12 महिन्यांसाठी चालली आहेस, तेव्हा महिन्या-महिन्याचा शोध. घराघरातून रेडिओ-टीव्हीची वर्गणी घेतली जाते, 18.36 युरो महिना, टीव्ही असो वा नसो. त्याचं पत्र जाहिरातीसारखं दिसतं आणि नवीन माणसं ते फाडून टाकतात. एका घरात तिघी राहत असाल तर एकीनेच भरायची असते, हेही त्याच पत्रात असतं. वाचलं तर.

तू म्हणशील, ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात. बोलू देत. पत्र जर्मनमध्ये येतं. फोनने भाषांतर करता येतं, जरूर कर, पण पत्र हातात घेतल्यावर मुदत कुठे लिहिली आहे आणि पैसे द्यायचे आहेत की मिळणार आहेत एवढं तरी स्वतःला कळायला हवं. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायची मुदत बहुधा एक महिन्याची असते आणि ती पत्राच्या शेवटी छापलेली असते. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रोडला रानडे आहे, हिंजवडीहून लांब पडतं म्हणशील तर ऑनलाइन वर्ग आहेत. ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी तरी पूर्ण करून जा. यावर मला कारणं ऐकायची नाहीत.

इथलं थोडक्यात. तू नोकरीसाठी देश सोडतेस, तेव्हा तुझं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं करावं लागतं. बँकेला स्वतः सांग. ऑगस्टमध्ये निघालीस तर या आर्थिक वर्षात भारतातले दिवस 182 च्या आत राहतील आणि पुढच्या वर्षात बहुधा राहणार नाहीत, म्हणजे करासाठी एका वर्षी तू अनिवासी आणि दुसऱ्या वर्षी निवासी, दोन वर्षांचे दोन वेगळे हिशेब. सीएकडे तारखा लिहून घेऊन जा. गाडी चालवणार असशील तर संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ. तिथे राहायला गेल्यावर आपला परवाना सहा महिने चालतो, आणि मुक्काम वर्षाच्या आतला आहे हे दाखवलं तर मुदत वाढवून मागता येते. आईच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं असेल तर मसुदा मला दाखव, सगळे अधिकार एका ओळीत देऊन टाकू नकोस, आई असली तरी. तूप, पेढे, श्रीखंडवड्या बॅगेत नकोत, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईला हे तू सांग, माझ्यावर ती रागावेल.

मी तुला घाबरवते आहे असं वाटत असेल तर तसं नाही गं. तू जाणार याचा मला इतका आनंद आहे की तुझ्या आईसमोर मला तो आवरावा लागतो. नेकार नदीच्या काठाने रविवारी दुकानं बंद असताना चालायला जा, डोंगरउतारावरच्या द्राक्षांच्या मळ्यांतून चाल, माझ्या वाटची. आणखी एक वर्ष थांब म्हणाले, तर ते पत्र तुझ्या हातात पडू दे आणि हो किंवा नाही तूच म्हण.

रविवारी सकाळी ये. नेमणूकपत्र घेऊन ये, पण आधी शेवटच्या पानापर्यंत वाचून, न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलने रेघ मारून. कोरं आणलंस तर चहा देईन आणि परत पाठवीन.

तुझी,
मावशी