माध्यमिक वर्गात विज्ञान शिकवताना कोणत्या युक्त्या खरंच उपयोगी पडतात?

प्रयोग दाखवताना वर्ग रंगतो, पण पुढच्या आठवड्यात तेच विचारलं की पाटी कोरी, असं तुम्ही लिहिलंय. साहित्यही कमी आहे म्हणता. माझ्याकडे मुख्य युक्ती एकच आहे आणि तिच्यापायी मी भांडणंही केली आहेत. प्रयोग सुरू करण्याआधी काय होईल ते प्रत्येक मुलाकडून लिहून घ्या, कारणासकट. तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की ठरलेली दोन-तीन मुलं बोलतात आणि बाकीची माना डोलावतात.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासून २००४ साली प्रसिद्ध केलं. ज्यांनी प्रात्यक्षिक नुसतं पाहिलं, त्यांना त्यामागचं तत्त्व ते न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त कळलेलं नव्हतं. ज्यांनी आधी अंदाज बांधला, त्यांना मात्र चांगलंच कळलं होतं.

आता माझा अनुभव. नववीचा वर्ग, विषय एकसर जोडणी. एक बॅटरी, दोन सारखे बल्ब, एकामागून एक जोडलेले. कोणता जास्त उजळेल? वर्गातल्या बहुतेकांनी लिहिलं, पहिला. कारण? ‘तो आधी करंट खातो, दुसऱ्याला उरलेला मिळतो.’ ही समजूत जगभरच्या मुलांत सापडते. व्याख्या पाठ करून ती जात नाही, व्याख्येच्या खाली ती तशीच बसून राहते.

त्या दिवशी मागच्या बाकावर आमच्या विभागाचे एक ज्येष्ठ शिक्षक पाठ निरीक्षणाला बसले होते. मी जोडणी पूर्ण केली आणि दुसरा बल्ब खरोखरच किंचित मंद लागला. ‘बघा बाई, खाल्ला ना पहिल्याने!’ म्हणून अर्धा वर्ग ओरडला. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, बॅटरीच्या वायरी उलट जोडा. मग दुसरा पहिला होईल.’ जोडल्या. मंद होता तोच बल्ब मंद राहिला, आणि आता तर तो ‘पहिला’ होता. वर्गात एकदम शांतता. मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे दोष जागेचा नाही, बल्बचा आहे. ॲमीटर, म्हणजे धारा (करंट) मोजायचं यंत्र, आधी, मध्ये आणि शेवटी लावून पाहिला, तिन्ही ठिकाणी आकडा तोच. सारखे म्हणून विकलेल्या बल्बांच्या रोधातही थोडा फरक असतो, आणि एकसर जोडणीत धारा तीच असल्यामुळे कमी रोधाचा बल्ब मंद दिसतो, हे त्यानंतर सांगायला मला दोन वाक्यं पुरली.

निरीक्षणाच्या वहीत शेरा आला: ‘प्रयोग फसला. साहित्य आधी तपासून आणावे. वेळेचा अपव्यय.’

तो शेरा मला आजही मान्य नाही. एका मुलीने स्वतःच्या डोक्याने नियंत्रित चाचणी सुचवली, सगळ्या वर्गाने पुरावा पाहून मत बदललं, आणि याला फसणं म्हणायचं? मग जमलेला प्रयोग म्हणजे काय, पुस्तकात छापलेलं चित्र टेबलावर उभं करणं? ‘अशाने अभ्यासक्रम कधी संपणार?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अभ्यासक्रम शिक्षकाचा संपतो, मुलांचा नाही. दहावीत हीच साखळी ओहमच्या नियमाला आणि विद्युत शक्तीला पुन्हा लागते आणि तिथे कच्ची निघाली की सगळं मागे जाऊन शिकवावं लागतं. तो वेळ कोणत्या वहीत लिहायचा?

साहित्याचं म्हणाल तर नुसत्या प्रश्नावरही तास उभा राहतो. सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने विलोचं रोप कुंडीत लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७४ किलोने वाढलं, माती जेमतेम ५७ ग्रॅमने घटली. मग हे वजन आलं कुठून? लिहायला लावा. पुष्कळ जण ‘पाण्यातून’ लिहितील. हेल्माँटचंही तेच मत होतं आणि तेही अपुरं होतं. झाड ज्यातूनही वाढतं तो हवेतला कार्बन डायऑक्साइड कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण हवेला वजन असतं हे पाठ असलं तरी पटलेलं नसतं.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शिका. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि अधिक मुलं बोलू लागली. वायरी उलट जोडा म्हणणाऱ्या त्या मुलीलाही असाच थोडा वेळ लागला होता.

हे सगळीकडे चालत नाही, हेही सांगते. संज्ञा, रासायनिक सूत्रं, एककं सरळ सांगावीत, तिथे अंदाज कसला बांधणार? आम्लं, ज्योत, सोडियमसारखे पदार्थ असतील तर आधी स्वतः करून पाहिल्याशिवाय वर्गात हात लावू नका. साहित्य तपासून आणा हा सल्ला तिथे शंभर टक्के बरोबर आहे. आणि अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका, नाहीतर मुलं शेजाऱ्याचं पाहून लिहू लागतील.