एकच माणूस सांग

अगं पोरी,

तुझं पत्र वाचलं. २६ जुलैचा, कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम तुझ्या गळ्यात पडला, तयारी म्हणून तू पाचवीच्या वर्गात यशवंत घाडगेंची गोष्ट काढलीस आणि एका मुलानं विचारलं, "तो तर इंग्रजांच्या सैन्यात होता ना, मग आपण कशाला नमस्कार करायचा?" तू गप्प झालीस. आता म्हणतेस, त्यापेक्षा एखाद्या देशभक्तिपर गाण्यावर नाच बसवते. बसवू नकोस.

अख्ख्या वर्गात तो एकटा त्या माणसाचा विचार करत होता. त्याला सरळ सांग की हो, होता. दुसऱ्या महायुद्धात आपले सुमारे २५ लाख लोक त्या सैन्यात होते. सक्ती नव्हती, कुणी पोटासाठी गेला, कुणी घराण्याची चाल म्हणून. सुमारे ८७ हजार परत आलेच नाहीत. आणि त्याच वर्षांत आपलीच माणसं इंग्रजांच्या तुरुंगात होती, हेही सांग. मुलांना दोन्ही पेलतं. कचरतो आपण.

पण मग माणूस सांग. एकच सांग. कारगिलचे ५२७ शहीद असं फळ्यावर लिहिलंस की परीक्षेत येईल म्हणून मुलं तो आकडा पाठ करतात आणि विसरतात. तुझ्या वर्गातली निम्मी पोरं गणपतीत गावी जाताना माणगावच्या ट्रॅफिकमध्ये रखडलेली असणार. यशवंत घाडगे त्याच माणगाव तालुक्यातला. तिथे त्याचा पुतळा आहे, पुढच्या वेळी गाडीतून उतरून बघा म्हणावं. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभा राहिला तो हा एकटा. तसाच धावत गेला, हातबॉम्बनं ती मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच पडला. वय २२. तुझ्याहून लहान. देहसुद्धा मिळाला नाही, इटलीतल्या कॅसिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं ते मरणोत्तर.

हे मारामारीचं सांगायचं का? सांगायचं. कुणी 'ढिश्यांव' केलं तर रागावू नकोस, त्या वयात ते होणारच. थांब, आणि विचार की त्याच्या घरी ही बातमी कशी पोचली असेल, तार आली असेल तर ती वाचून कुणी दाखवली असेल. मग बघ वर्ग कसा बोलतो ते.

ठाण्यात नोकरीला होते तेव्हा स्नेहसंमेलनात पोरांच्या हातात प्लास्टिकच्या बंदुका द्यायला आणि छातीला लाल रंग फासायला मी साफ नकार दिला. संस्थेनं पुढे कार्यक्रम माझ्याकडे दिलाच नाही. हेकट म्हणाले, म्हणोत. रंग फासलेलं पोर पडदा पडला की उठून वडापाव खायला पळतं. मेलेला माणूस उठतो एवढंच ते शिकतं. मी आजही तोच नकार देईन. हळहळ वाटते ती त्या वर्षांतल्या मुलांची, त्यांना एकही नाव मिळालं नाही.

मुख्याध्यापक म्हणाले कारगिलचंच हवं, तर कारगिलचं सांग, पण एकच माणूस. डिसेंबरात १९७१चं युद्ध येईल, तेव्हा ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या आधी आपल्या बुडत्या 'खुकरी' युद्धनौकेवरून न उतरलेले कॅप्टन मुल्ला सांग. एकटे मुल्ला. ऐकतेस ना? यादी नको.

आणि ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याच आठवड्यात जाऊन ये. कुणी माजी सैनिक वर्गावर येतील का, विचार. शाल-नारळ, भाषणं यात त्यांचा तास घालवू नकोस. मुलांचे प्रश्न कागदावर लिहून आधीच त्यांच्याकडे पोचव, आणि त्या मुलाचा प्रश्न गाळू नकोस.

तुझ्या बाई