थर्ड डिग्रीने लादेन सापडला का?

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या मित्रांमध्ये यावरून जाम वाद झालाय. एकाचं म्हणणं आहे की अमेरिकेने कैद्यांना वॉटरबोर्डिंग केलं, म्हणजे आडवं बांधून तोंडावर फडकं टाकून पाणी ओतायचं, म्हणूनच लादेनच्या माणसाचं नाव बाहेर आलं आणि लादेन सापडला, गोड बोलून अतिरेकी कधी तोंड उघडतात का. मी विरोधात बोललो तर सगळे माझ्यावरच तुटून पडले. सीआयएवाले स्वतःच तर सांगत होते ना की उपयोग झाला?

उत्तर: सांगत होते, आणि त्यातले काहीजण अजूनही सांगतात, त्यामुळे तुमचा मित्र अगदीच हवेत बोलत नाहीये. पण गोष्ट कुठल्या क्रमाने घडली ते बघितलं की चित्र बदलतं.

लादेन फोन, इंटरनेट काही वापरत नव्हता, निरोप माणसाकरवी जायचे. त्या निरोप्याचं टोपणनाव अबू अहमद अल-कुवैती. हा माणूस सापडला की मालक सापडणार हे उघड होतं, आणि 2 मे 2011 ला अबोटाबादच्या त्या उंच भिंतींच्या घरात तसंच झालं, कुवैतीच्या मागावर राहूनच ते घर मिळालं होतं. आता प्रश्न एवढाच की कुवैती महत्त्वाचा आहे हे कळलं कुणाकडनं.

अमेरिकन सिनेटच्या इंटेलिजन्स कमिटीने डिसेंबर 2014 मध्ये यावरच्या रिपोर्टचा सारांश बाहेर काढला. मूळ रिपोर्ट 6,700 पानांच्या वर, तो गुप्तच आहे, सारांशच पाचशे पानांचा, मी तो चार-पाच रविवार वाचत बसले होते आणि मध्येमध्ये ठेवून द्यावासा वाटायचा. त्यात असं आहे की कुवैतीची सगळ्यात कामाची माहिती हसन गुल नावाच्या माणसाने दिली. तो जानेवारी 2004 मध्ये इराकच्या कुर्द भागात पकडला गेला, आणि त्याला हात लावायच्या आधीच तो घडाघडा बोलला. एका अधिकाऱ्याने तर म्हटलंय की तो पक्ष्यासारखा गात होता. कुवैती लादेनच्या अगदी जवळचा आहे, लादेन पाकिस्तानात एखाद्या घरात कमी बंदोबस्तात राहत असेल, तिथे हाही असेल, हे सगळं त्याने तेव्हाच सांगितलं. त्यानंतर त्याला सीआयएच्या गुप्त तुरुंगात नेलं आणि तिथे झोपू न देता उभं ठेवलं, इतकं की त्याला भास व्हायला लागले. त्या सगळ्यातून कामाचं नवीन काहीच आलं नाही. गप्प बसलेला माणूस फोडला असं म्हणावं तर तो गप्प बसलाच नव्हता!

आता ज्यांना खरोखर फोडलं त्यांचं बघा. खालिद शेख मोहम्मद, 11 सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार, मार्च 2003 मध्ये रावळपिंडीत पकडला, त्याला 183 वेळा वॉटरबोर्डिंग केलं. कुवैतीबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, तो आता रिटायर झालाय. अबू फराज अल-लिबी 2005 मध्ये पकडला, तो म्हणाला असा कुणी माणूस मला माहीतच नाही, आणि वर एका भलत्याच निरोप्याचं नाव रचून दिलं. म्हणजे भरपूर मार खाल्लेले हे दोघं नेमक्या याच प्रश्नावर खोटं बोलले.

इथे सीआयएच्या बाजूने एक हुशार मुद्दा मांडतात. ते म्हणतात, इतका छळ होऊनही दोघं ज्याच्यावर पांघरूण घालतात तो नक्कीच मोठा असणार, हे आम्हाला त्यांच्या खोटं बोलण्यावरूनच कळलं. मला हा मुद्दा पहिल्यांदा वाचला तेव्हा पटला होता, खोटं नाही सांगत. मग लक्षात आलं की ते खोटं आहे हे ओळखायला खरं आधी हातात असावं लागतं, आणि ते गुलकडनं आणि बाकीच्या ठिकाणांहून आलेलं होतं. नाहीतर तो रिटायर झालाय हे ऐकून फाईल बंदच झाली असती की.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मित्र म्हणतील ताईने एकतर्फी सांगितलं. सिनेटच्या लोकांनी सीआयएची लाखो कागदपत्रं वाचली पण चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलले नाहीत, ही टीका रास्त आहे. कमिटीतल्या रिपब्लिकन पक्षाच्या सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं. आणि तेव्हाचे सीआयए प्रमुख जॉन ब्रेनन पत्रकारांसमोर म्हणाले की या कैद्यांकडून उपयोगी माहिती मिळाली, पण ती त्या पद्धतींमुळेच मिळाली का, हे कळायला मार्ग नाही. हे वाक्य मित्राला नक्की ऐकवा. माणसाला महिनोन्महिने कोंडून ठेवलं, मारलं आणि विचारतच राहिलं तर कधीतरी तो काहीतरी खरं बोलणारच, त्यावरून माराला श्रेय देणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

प्रश्न: पण समजा बॉम्ब लावलेला आहे, तासाभरात फुटणार आहे आणि लावणारा तुमच्यासमोर बसलाय. तेव्हाही चहा पाजत बसायचं का?

उत्तर: हा प्रश्न दर वेळी येतो. यात आधीच धरून चाललंय की समोरचा तोच माणूस आहे, त्याला माहीत आहे आणि तो खरं सांगेल. खऱ्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी एकदम माहीत असतील तर बॉम्बचा पत्ताही जवळजवळ माहीत असतो. त्यात सीआयएच्या त्या तुरुंगांमधल्या 119 कैद्यांपैकी निदान 26 जण तिथे असायलाच नको होते, हे त्यांच्याच नियमांप्रमाणे. त्या 26 जणांनी मार खाऊन काय सांगायचं?

आणि खरं उदाहरण घ्या ना. अबू झुबेदा, मार्च 2002 मध्ये फैसलाबादला पकडला. पुढच्या हल्ल्याची माहिती याच्याकडे आहे, वेळ नाही, म्हणून कडक पद्धती हव्यात असं सांगून परवानगी मागितली. आणि काय केलं, तर त्याला 47 दिवस एकट्याला कोंडून ठेवलं आणि त्या काळात एकही प्रश्न विचारला नाही. 47 दिवस! हे कसलं टिकटिकणारं घड्याळ? मग ऑगस्टमध्ये सुरू झालं, निदान 83 वेळा वॉटरबोर्डिंग, शवपेटीएवढ्या खोक्यात कोंडणं, सगळं. तिथल्या टीमचं मत झालं की याच्याकडे पुढच्या हल्ल्याचं काही नाही, तरी मुख्यालयातनं आलं, चालू ठेवा. हल्ल्याची माहिती शेवटपर्यंत आलीच नाही, कारण ती त्याच्याकडे नव्हती. आणि खालिद शेखच सूत्रधार आहे हे याच अबू झुबेदाने एप्रिलमध्ये, जखमी अवस्थेत पडलेला असताना, एफबीआयच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या, माणसांना साध्या बोलण्यात सांगून टाकलं होतं.

खरी भीती मला वेगळ्याच केसची वाटते. इब्न अल-शेख अल-लिबी (हा वरचा लिबी नाही, लिबी म्हणजे लिबियाचा, म्हणून गोंधळ होतो). त्याला अमेरिकेने इजिप्तच्या हवाली केलं. तिथे मार खाऊन त्याने सांगितलं की इराकच्या सद्दामने अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक हत्यारांचं ट्रेनिंग दिलं. तेव्हाचे अमेरिकन परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी फेब्रुवारी 2003 मध्ये सुरक्षा परिषदेत हेच, लिबीचं नाव न घेता, मांडलं आणि पुढच्याच महिन्यात इराकवर युद्ध. 2004 मध्ये लिबीने सांगितलं की ते सगळं रचलेलं होतं, छळ थांबावा म्हणून. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय हे मार खाणाऱ्याला बरोबर कळतं.

प्रश्न: मग या पद्धती आल्या कुठून? कुणीतरी अभ्यास करूनच ठरवल्या असतील ना?

उत्तर: अमेरिकन सैन्यात एक ट्रेनिंग आहे, शत्रूने पकडलं तर छळाला तोंड कसं द्यायचं याचं. कोरियन युद्धात चिन्यांनी अमेरिकन कैद्यांकडून खोटे कबुलीजबाब लिहून घेतले, त्या अनुभवावर ते बेतलेलं. त्याच ट्रेनिंगमधले दोन मानसशास्त्रज्ञ, मिचेल आणि जेसेन, यांनी त्या पद्धती उलट्या फिरवून सीआयएला दिल्या. दोघांनी त्याआधी एकाही खऱ्या कैद्याची चौकशी केलेली नव्हती. त्यांच्या कंपनीला 8 कोटी 10 लाख डॉलर मिळाले. खोटी कबुली मिळवायची रेसिपी घेऊन खरी माहिती शोधायला निघाले, आता काय बोलणार.

प्रश्न: मग चौकशीत कशाचा उपयोग होतो ते तरी सांगा.

उत्तर: वेळ, तयारी आणि समोरच्याची भाषा. एफबीआयचा अली सुफान, अरबी बोलणारा, 11 सप्टेंबरनंतर काही दिवसांतच येमेनमध्ये लादेनचा एकेकाळचा बॉडीगार्ड अबू जंदल याच्यासमोर बसला होता. अबू जंदल बिस्किटांना हात लावत नाही हे त्याने बघितलं, डायबेटिस आहे हे कळलं, दुसऱ्या रात्री शुगर-फ्री बिस्किटं आणली. मग इतिहासावर, धर्मावर वाद घालत घालत त्याच्याकडनं हल्लेखोरांपैकी सात जणांची ओळख पटवून घेतली. बिस्किटांनी जादू केली असं नाही, सुफानला अल-कायदाची माहिती इतकी होती की समोरच्याला थाप मारायला जागाच राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा हान्स शार्फ असाच, पकडलेल्या वैमानिकांशी गप्पा मारायचा, त्यांना फिरायला न्यायचा, आपल्याला सगळं आधीच माहीत आहे असं दाखवायचा, आणि ते बिचारे नकळत उरलेलं सांगून जायचे.

प्रश्न: आता हे सगळं बंद आहे का?

उत्तर: कागदावर हो. ओबामांनी जानेवारी 2009 मध्ये आदेश काढून बंद केलं आणि 2015 मध्ये कायदाच झाला, की कैद्यांची चौकशी सैन्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतींनीच करायची. त्या कायद्यामागे सिनेटर जॉन मॅकेन होते, स्वतः व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं कैदेत काढलेली, मारामुळे हात नीट वर जायचे नाहीत. त्यांनीच सांगितलंय की पकडणारे मारून मारून तुझ्या तुकडीतल्या लोकांची नावं सांग म्हणाले, तेव्हा त्यांनी ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल टीमच्या खेळाडूंची नावं सांगून टाकली. बाकी अबू झुबेदाच्या चौकशीच्या व्हिडिओ टेप कुठे बघायला मिळतील असंही कुणीतरी विचारलंय, तर त्या सीआयएने 2005 मध्येच नष्ट केल्या.