ब्लॉक मिळत नाही, नुसत्या स्लाइड देतात: आमचा अनुभव

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. वडिलांच्या मांडीत गाठ, सुईची बायोप्सी, रिपोर्टच्या शेवटी ‘स्पिंडल सेल लीजन, आयएचसी करून घ्यावी’ एवढंच. (लीजन म्हणजे बिघडलेली जागा; आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखायची चाचणी.) दुसऱ्या डॉक्टरांनी ब्लॉक, म्हणजे काढलेला तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, मागितलाय आणि पहिल्या हॉस्पिटलच्या खिडकीवर ऐकवतायत, ‘ब्लॉक बाहेर देत नाही, स्लाइड घेऊन जा.’ त्यात ऑपरेशनची तारीखही पडली आहे. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी शब्दन् शब्द हेच झालं होतं, म्हणून लांबलचक लिहितेय.

मी डॉक्टर नाही. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे औषध-ऑपरेशनाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. मी सांगतेय ते रिपोर्ट कसा वाचावा आणि खिडकीवर काय मागावं एवढ्यापुरतं.

अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता या चार प्रकारच्या ऊती नववीच्या विज्ञानात झाल्या आहेत, व्याख्या परत सांगत नाही. पण तुमच्या रिपोर्टमधला सगळा घोळ त्या चारांतूनच येतो, म्हणून थोडं. ‘स्पिंडल सेल’ म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या, लांबट पेशी. हे फक्त आकाराचं वर्णन झालं, आजाराचं नाव अजून ठरलेलंच नाही. असा आकार संयोजी ऊतीतल्या तंतू तयार करणाऱ्या पेशींचा असतो, अनैच्छिक स्नायूंच्या पेशींचा असतो, चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींचाही असतो. कधी कधी तर अभिस्तर ऊतीतून निघालेला कॅन्सरही असलंच रूप घेतो. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेली स्लाइड पाहून अनुभवी पॅथॉलॉजिस्टसुद्धा दरवेळी ठामपणे सांगू शकत नाही. त्यामुळे ज्यांनी ‘आयएचसी करा’ लिहिलं त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

आयएचसीत काय होतं? ज्या ऊतीचं जे काम, त्या कामाला लागणारी प्रथिनं तिच्या पेशींत सापडतात. अभिस्तर ऊतीचं काम पृष्ठभाग झाकायचं, आतून अस्तर द्यायचं. पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, म्हणून त्यांना ताण सोसायला केराटिन लागतं. स्नायूचं काम आकुंचन, तिथे डेस्मिन आणि अ‍ॅक्टिन. श्वान पेशींत एस-१०० भरपूर. संयोजी ऊतीत पेशी कमी आणि पेशींमधला भराव जास्त. हाड, कूर्चा, चरबी, कंडरा, रक्त सगळं तिच्यातच येतं, त्यामुळे तिच्यासाठी एकच एक खूण पुरत नाही. एस-१०० एकटं पॉझिटिव्ह आलं म्हणजे चेता ऊतीच असंही नाही, कारण ते चरबीच्या आणि कूर्चेच्या पेशींतही असतं, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतही असतं. म्हणून चार-पाच चाचण्यांचा संच एकत्र लावतात आणि एकत्रच वाचतात. ‘एकच स्वस्तातली करू, बघू’ असं कुणी सुचवलं तर माझ्या मते ऐकू नये.

आता मुद्द्याचं. यातली प्रत्येक चाचणी ब्लॉकमधून कापलेल्या नव्या कापावर होते. काप साधारण ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा. तुमच्या हातात दिलेली स्लाइड म्हणजे आधीच कापून, रंगवून, वर काच चिकटवलेला एक काप. तेवढ्यावर दुसरे डॉक्टर मत देऊ शकतात, पण चाचण्यांचा पूर्ण संच त्यावर होत नाही. आमच्या वेळी हे खिडकीवरच्या माणसाला माहीत नव्हतं आणि त्याने कुणाला विचारलंही नाही.

ते हॉस्पिटल पुण्यातलंच, नाव घेत नाही. भावाच्या दंडाच्या आतल्या बाजूला गाठ होती. त्याचं नाना पेठेत टू-व्हीलर दुरुस्तीचं गॅरेज आहे, हातातला पाना सुटला की धंदा बसला. रेकॉर्डच्या खिडकीवर म्हणाले, ब्लॉक लॅबकडे असतो. लॅब तळघरात. तिथे म्हणाले, टिश्यूचं काम आम्ही बाहेर पाठवतो, ब्लॉक त्यांच्याकडे. बाहेरच्या लॅबला फोन केला तर उत्तर आलं, ‘आमचं गिऱ्हाईक हॉस्पिटल आहे, पेशंट नाही, त्यांचं पत्र आणा.’ पत्र कोण देणार? सही करणारे रजेवर. परत आलो की खिडकीवर नवा माणूस, पहिल्यापासून सगळं सांगायचं. कुणी उद्धट बोललं नाही, पण ‘हे माझं काम आहे’ असंही एकही जण म्हणाला नाही. माझ्या भावाच्या शरीरातून काढलेला तुकडा, आम्ही पैसे भरलेले, आणि तो नेमका कुठे आहे हे सांगायला कुणी तयार नाही! एवढ्यात ऑपरेशनची तारीख जवळ येत होती, आणि सारकोमा (संयोजी ऊती, स्नायू वगैरेंतून निघणारा कॅन्सर) असेल असं धरून आजूबाजूच्या चांगल्या मांसासकट मोठा भाग काढायचं ठरलं होतं. त्यात गाठीजवळची नस (रक्ताची नव्हे, चेतातंतूंची) जाणार होती. आमची सगळ्यात मोठी किंमत तिथे मोजली गेली असती.

सुटलं ते तोंडी विनवण्या बंद करून लेखी दिल्यावर. अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, त्यात पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, बायोप्सी क्रमांक, ‘पॅराफिन ब्लॉक आणि सर्व स्लाइड पुनर्तपासणीसाठी हव्यात’ एवढं स्वच्छ वाक्य. सोबत भावाच्या सहीचं अधिकारपत्र, दोघांची ओळखपत्रं आणि ज्यांना दुसरं मत विचारायचं त्या डॉक्टरांची चिठ्ठी. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. शिक्का पडला की कागद फिरायला लागतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात असं आहे. ब्लॉक ‘नोंदी’त बसतो का यावर वकील वाद घालतील, पण अर्जात तो नियम लिहिल्याने आमच्या अर्जाकडे लगेच लक्ष गेलं.

लॅबची बाजूही खोटी नाही. ब्लॉक हरवला तर परत तयार करता येत नाही, म्हणून ते हमीपत्र मागतात. द्या बिनधास्त. एकाहून जास्त ब्लॉक असतील तर एक ते ठेवून घेतील, तेही चालतं. अगदीच नाही म्हणाले तर ‘चार्ज्ड स्लाइडवर (काप घट्ट धरून ठेवणाऱ्या खास काचेवर) न रंगवलेले काप’ मागा. किती लागतील ते पुढच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

ब्लॉक हातात आला की तिथेच उघडून पाहा. छोटी प्लॅस्टिकची कॅसेट, त्यावर मेण, आणि मेणात शेवईच्या तुकड्यांसारखे फिकट बारीक धागे. तेवढंच तुमच्या वडिलांचं सँपल, म्हणून इतकी काळजी. कॅसेटच्या कडेवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी आकडान् आकडा जुळवा. बर्फ वगैरे लागत नाही, पण मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. आम्ही डेक्कन क्वीनने दादरला उतरून परळला टाटामध्ये नेला, पूर्ण वेळ मांडीवरच्या पिशवीत. तिथे ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागतात.

भावाचं निदान श्वानोमा निघालं. चेता ऊतीच्या आवरणातली, साधी गाठ. केराटिन आणि डेस्मिन निगेटिव्ह, एस-१०० सगळीकडे भरून. मग ऑपरेशनच बदललं: नसेचं आवरण उभं उघडून गाठ सोलून काढली, नस तशीच राहिली. करंगळी काही दिवस बधिर होती, आता पाना धरतो. तुमच्याकडेही असंच निघेल असं मी म्हणत नाही, कृपा करून तसा अर्थ घेऊ नका. सारकोमाही निघू शकतो, आणि तो असेल तर रेंगाळणं बरं नाही. पण प्रौढांच्या कॅन्सरमध्ये सारकोमा साधारण १ टक्काच असतो. ते रोज पाहणारे पॅथॉलॉजिस्ट थोडेच आहेत, म्हणून दुसरं मत हा तुमचा हट्ट ठरत नाही. सर्जनना सरळ विचारा: ‘आयएचसी येईपर्यंत थांबलं तर काय बिघडेल, आणि रिपोर्टने ऑपरेशन बदलेल का?’ उत्तर ‘बदलेल’ असेल तर माझं मत स्पष्ट आहे, थांबा.

आणखी एक, थोडं बाजूचं. गाठीवर हलकी टिचकी मारली की भावाच्या करंगळीपर्यंत करंट जायचा. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. वडिलांना असं काही पायात खालपर्यंत जाणवतं का ते विचारून डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि परत बायोप्सी करायची वेळ आलीच, शिवाय टीबीचा संशय असेल, तर कल्चरसाठीचा (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीसाठीचा) तुकडा वेगळ्या बाटलीत सलाइनमध्ये ठेवायला आधीच सांगा. फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनात, गेलेल्या तुकड्यावर कल्चर होत नाही.

आमच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे. हवा असेल तर कळवा, नावं काढून पाठवते. तारीख जवळची आहे, त्यामुळे अर्ज उद्या सकाळीच द्या. दुपारनंतर आवक विभाग बऱ्याच ठिकाणी कागद घेत नाही.