तीन कॉलमची की असलेला ग्राफ मेमरीत कसा लोड करायचा? कॉलम जोडून स्ट्रिंग केली तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. ओरॅकल २३एआय डेटाबेसमध्ये तुम्ही जमिनीच्या नोंदींचा प्रॉपर्टी ग्राफ बनवलाय, म्हणजे गट आणि खाती हे नोड आणि त्यांना जोडणारे दुवे म्हणजे एज. गटाची की, म्हणजे नोंद ओळखायची खूण, गावकोड, गट नंबर आणि हिस्सा अशी तीन कॉलमची आहे, तर खात्याची गावकोड आणि आठ-अचा खाते क्रमांक अशी दोन कॉलमची. डेटाबेसमध्ये क्वेरी नीट चालतात. पण तोच ग्राफ मेमरीतल्या ग्राफ सर्व्हरवर चढवायला गेलात की तुमची आवृत्ती एकाच कॉलमची की मागते.

कॉलम जोडून स्ट्रिंग केली तर चालेल. तरी करू नका. मी केली होती, आणि ती निस्तरण्यात दोन आठवडे गेले.

आमच्याकडे गावकोड म्हणजे तालुक्यातला साधा अनुक्रमांक होता. गाव १२ मधला गट ३४५ आणि गाव १२३ मधला गट ४५ जोडले की दोन्हींचं १२३४५ होतं. एका गावच्या खातेदाराला भलत्याच गावात जमीन मिळाली, तीही कुठलीही एरर न येता. मग मी मध्ये तिरकी रेघ घातली. पण सातबाऱ्यावर तिरकी रेघ आधीच असते ना! कुणी गट '४५/१' आणि हिस्सा '२' असं भरलेलं, तर कुणी गट '४५' आणि हिस्सा '१/२'. जोडल्यावर दोन्ही पुन्हा एकच. शेवटी उभी रेघ घातली तेव्हा ही भानगड मिटली. मग लक्षात आलं की एका टेबलात हिस्सा '२अ' मराठी आकड्यात आहे आणि दुसऱ्यात तोच इंग्रजी आकड्यात. डोळ्याला एक, मशीनला दोन. त्यात अविभाजित गटाचा हिस्सा कुठे '०', कुठे '-'. स्ट्रिंग जोडण्याआधीही हा घोळ होताच म्हणा, पण जोडल्यावर तो शोधायचा कसा हेच कळेना.

आता मेमरीतल्या इंजिनाला एकच की का हवी ते बघू. एसक्यूएल:२०२३ या क्वेरी-भाषेच्या मानकाच्या सोळाव्या भागात प्रॉपर्टी ग्राफ आले आणि तिथे कीमध्ये अनेक कॉलम दिलेले चालतात, कारण डेटाबेस शेवटी जॉइनच करत असतो, म्हणजे कॉलम जुळवून टेबलं जोडत असतो. जॉइनला एक कॉलम काय नि तीन काय. मेमरीतलं इंजिन मात्र प्रत्येक नोडला ० पासून एक क्रमांक देतं आणि शेजाऱ्यांची यादी सलग अ‍ॅरेत ठेवतं. तुमची की लागते ती फक्त दाराशी: बाहेरची ओळख दाखवायची आणि आतला क्रमांक घ्यायचा. प्रत्येक एज लोड होताना हे दोनदा होतं, एकदा निघण्याच्या टोकाला आणि एकदा पोहोचण्याच्या.

या दाराचा खर्च किती? २० लाख नोड आणि ६० लाख एज धरा. शेजाऱ्यांच्या अ‍ॅरेला नोडमागे ८ बाइट आणि एजमागे ४ बाइट, म्हणजे ४० एमबी. उलट्या दिशेची यादीही ठेवली तर ८०. आता साध्या जावा हॅशमॅपचा, म्हणजे की दिली की आतला क्रमांक सांगणाऱ्या पाटीचा, हिशेब करू. '२७२३४५|११२|२अ' ही १३ अक्षरांची स्ट्रिंग. जावा ९ पासून साधी लॅटिन अक्षरं एकेका बाइटात बसतात, पण त्यात एक 'अ' आला की अख्खी स्ट्रिंग अक्षरामागे दोन बाइट घेते. हेडर वगैरे धरून ७२ बाइट, वर मॅपची नोंद आणि क्रमांकाचा ऑब्जेक्ट, असे साधारण १२८. गुणिले २० लाख म्हणजे २५० एमबीच्या वर. ग्राफ ८० चा आणि नावांची पाटी २५० ची! तुमचं इंजिन याहून हुशारीने साठवत असेल, पण स्ट्रिंग कीचं ओझं कुठे जाणार नाही.

मी आता असं करतो. डेटाबेसमध्येच एक 'ओळख' टेबल: गावकोड, गट, हिस्सा या तिघांवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी पुन्हा भरू न देणारी अट), आणि शेजारी आयडेंटिटी कॉलममधून आपोआप आलेला पूर्णांक. नवा गट आला की नवा क्रमांक, दिलेला क्रमांक कधीच बदलायचा नाही. यात भरतानाच आकडे एका लिपीत आणायचे, मागच्या स्पेस कापायच्या आणि रिकाम्या हिश्शाला एकच ठरलेलं चिन्ह द्यायचं. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजे नलच (किंमतच नाही), त्यामुळे हे चिन्ह लागतंच. खात्यांसाठी असंच दुसरं टेबल. मग एजच्या टेबलावर एक व्ह्यू (साठवलेली क्वेरी) करा, जो दोन्ही टोकांचे पूर्णांक जॉइन करून आणेल, आणि ग्राफ या व्ह्यूवर बांधा. गावकोड, गट, हिस्सा नोडवर प्रॉपर्टी म्हणून राहू द्या, सगळे लागत असतील तरच.

एक बारीक जागा आहे. 'खाते ते गट' या एजच्या टेबलात गावकोड बहुधा एकदाच असतो आणि तोच दोन्ही टोकांच्या कीमध्ये लागतो. ते बरोबरच आहे, दोन्ही जॉइनमध्ये तोच कॉलम वापरा. पण पोटहिस्से पडल्याची एज, म्हणजे जुना गट ते नवा गट, हिच्यात गावाचं विभाजन झालेलं असेल तर दोन वेगळे गावकोड लागतात. तिथे एकावर भागवू नका.

क्रमांक व्ह्यूमध्येच रो-नंबरने, म्हणजे ओळी मोजून, काढायचा मोह होईल. मधे एक नवा गट घुसला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि कालचा निकाल आजच्या ग्राफवर चुकीच्या जागी बसतो. हॅशही, म्हणजे कीवरून गणिताने काढलेला आकडाही, नको. ओरॅकलचं ओरा-हॅश फंक्शन डिफॉल्टला ३२ बिटांचा आकडा देतं. २० लाख नोंदींमध्ये सरासरी ४६५ च्या आसपास जोड्या एकाच आकड्यावर येतील. म्हणजे माझा १२३४५ चा प्रकार, पण ४६५ वेळा.

सगळे भाग आकडी असतील तर ओळख टेबलाशिवायही भागतं: गावकोड ६ अंकी, गटाला ५ जागा, हिश्शाला ४, असा १५ अंकी पूर्णांक. तो ६४ बिटांत आरामात बसतो, आणि ब्राउझरमध्ये ग्राफ दाखवताना जावास्क्रिप्टही १५ अंक बिनचूक सांभाळते. तुमच्याकडे हिश्शात अक्षरं आहेत, म्हणून मी सुचवत नाही.

लोड करण्याआधी एक मोजणी मात्र कराच. एज व्ह्यूमध्ये इनर जॉइन असेल तर ज्या एजचं टोक सापडलं नाही ती गुपचूप गळते. लेफ्ट जॉइन ठेवा (त्यात एज राहते, न सापडलेलं टोक नल येतं) आणि कोणत्याही टोकाचा पूर्णांक नल असलेल्या ओळी मोजा. फॉरेन की (टोक दुसऱ्या टेबलात असलंच पाहिजे ही अट) नसेल तर शून्य येणार नाही हे आत्ताच सांगतो. डेटाबेसमधल्या क्वेरीत हे दिसलं नसेल, कारण टोक नसलेली एज तिथे पॅटर्नशी जुळतच नाही. त्या ओळी गावकोडनुसार लावा. आमच्याकडे त्यातल्या बहुतेक एकाच गावच्या निघाल्या, आणि त्या गावाचे सगळे हिस्से इंग्रजी आकड्यात भरलेले होते.