‘अप्रभावी’ म्हणजे कमजोर नव्हे

प्रश्न : सिकलसेलच्या तपासणीत बहीण ‘वाहक’ निघाली. हा अनुवंशिक दोष अप्रभावी आहे, असं सांगण्यात आलं. अप्रभावी म्हणजे कमजोरच ना? आणि ‘अलील’ला मराठीत काय म्हणतात?

आधी ‘आनुवंशिक’. पहिलं अक्षर आ. आता मुद्द्याकडे.

कमजोर अजिबात नव्हे. पाठ्यपुस्तकांनी ‘अप्रभावी’ रूढ केला आणि घोटाळा कायमचा मागे लागला. औषध अप्रभावी ठरलं म्हणजे गुण आला नाही. त्याच चालीवर जनुक अप्रभावी म्हणजे निरुपद्रवी, असं लोक धरून चालतात. सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आजार. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात; एकच सदोष असली की माणूस वाहक, दोन्ही असल्या की आजारी. नवरा-बायको दोघंही वाहक असली, तर दर गरोदरपणात बाळाला सिकलसेलचा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. बहिणीचं लग्न ठरत असेल तर समोरच्याचीही तपासणी करा. ‘प्रभावी’ म्हणजे बहुसंख्य, ही दुसरी भाबडी समजूत. हंटिंग्टनचा मेंदूचा आजार प्रभावी, पण विरळा. ओ रक्तगट अप्रभावी, तरी आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतो.

ज्याने हे शब्द या अर्थाने वापरात आणले, त्या वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलच्या मनात कमजोरी नव्हतीच. १८६६ साली छापलेल्या निबंधात त्याने खुलासाच केला आहे : काही गुण संकरित पिढीत मागे सरतात किंवा पार दिसेनासे होतात, पण त्यांच्या संततीत जसेच्या तसे परत येतात, म्हणून ‘रेसेसिव्ह’, म्हणजे आपला अप्रभावी. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे गोल निघाले. त्यांच्या पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. जवळपास तिनास एक. लॅटिन ‘रेकेदेरे’ म्हणजे मागे सरणे. आपल्याकडे यासाठी अस्सल क्रियापद पडून आहे : संस्कृत अपसरति, प्राकृत ओसरइ, मराठी ओसरणे. पूर ओसरतो, ताप ओसरतो, तसा हा ‘ओसरता’ गुण.

पण खरी गंमत ‘डॉमिनंट’मध्ये, म्हणजे आपल्या ‘प्रभावी’च्या मूळ शब्दात आहे. लॅटिन ‘दोमिनुस’ म्हणजे घरचा मालक, कारण ‘दोमुस’ म्हणजे घर. आता ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त उघडा : ‘वर्धमानं स्वे दमे’, आपल्या घरी वाढणारा अग्नी. हा ‘दम’ आणि तो ‘दोमुस’ एकाच मुळाचे. दम अधिक पती, म्हणजे दंपती! ऋग्वेदात हा शब्द एकवचनीही येतो आणि तिथे त्याचा अर्थ घरधनी. ग्रीक ‘देस्पोतेस’ हे त्याचंच भावंड, ज्यावरून इंग्रजांनी ‘डेस्पॉट’ घेतला. आपले वैयाकरण मात्र अजून सांगतात की ‘जाया’च्या (बायकोच्या) जागी ‘दम्’ आला आणि जायापतीचा दंपती झाला. का आला? तर ‘निपातन’, म्हणजे नियमात न बसणारं रूप तसंच मान्य करणं! उत्तर सापडलं नाही की निपातन. एकट्या अग्नीला दंपती म्हटलं जातं, तिथे जाया कुठून आणणार?

तेव्हा माझी सूचना : प्रभावीला ‘घरधनी’ आणि अप्रभावीला ‘ओसरता’. ‘ओसरी’ही ‘ओसरणे’च्याच कुळातली असावी, हा माझा लाडका तर्क. घरधनी माजघरात, दुसरा ओसरीवर. दिसला नाही तरी घरातच. परिभाषा समित्या याला हसतील. हसोत. ‘अप्रभावी’ त्यांनीच दिला.

काही लेखक ‘दबलेले जनुक’ लिहितात, ते तर साफ चूक. इथे कोणी कोणाला दाबत नाही. सुरकुतलेल्या वाटाण्याचं जनुक १९९० मध्ये इंग्लंडमध्ये उलगडलं. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) हे जनुक. त्यात डीएनएचा एक आगंतुक तुकडा घुसलेला, म्हणून ते विकर बनत नाही. साखर साठते, पाणी जास्त शोषलं जातं, आणि दाणा वाळला की सुरकुततो. दोनांपैकी एक प्रत धड असली तरी दाणा गोल राहण्यापुरतं विकर मिळतं. एवढंच. सिकलसेलच्या वाहकात तर लपवाछपवीही नाही : त्याच्या रक्तात धड आणि सदोष, दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं, आणि जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून त्याला बरंच संरक्षणही मिळतं. याला अप्रभावी म्हणायचं! म्हणजे आजार ओसरता, हिमोग्लोबिन मात्र उघड. जनुकाला स्वतःची अशी ‘प्रभावी’ जात नसतेच; कोणता गुण पाहता त्यावर ती ठरते.

हां, अलील, म्हणजे एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं. इंग्रज आनुवंशशास्त्रज्ञ बेटसनने १९०२ मध्ये ‘अलेलोमॉर्फ’ बनवला, ग्रीकमध्ये ‘एकमेकांचे’ या अर्थाच्या शब्दावरून. पुढे तो आखूड झाला. हिंदीवाले ‘युग्मविकल्पी’ म्हणतात, म्हणोत. मराठीत अलीलच ठेवा.