सरासरी नको, बाराही जणांचे आकडे पाठव

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. बिस्किटाच्या कामासाठी चव-वास मोजून सांगणाऱ्या बारा जणांचं पॅनल जमवलंस आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारलंस, "कसं लागलं?" गाडी तिथेच घसरली. "छान", "ठीक", "मागचं बरं होतं", याहून वेगळं काय मिळणार? आवडनिवड विचारायची ती ग्राहकांना, तीही शंभरेक जणांना. तीन आठवडे खवटपणा मोजायला शिकलेल्या माणसाची आवड सर्वसामान्य गिऱ्हाइकाची उरत नाही. पॅनलकडून दोनच गोष्टी हव्यात: काय जाणवतं आणि किती.

त्यातल्या "काय"वरच खरा वेळ जातो. माझ्या एका पॅनलमध्ये दहाही जणांनी एकाच नमुन्यापुढे "शिळं" लिहिलं. एकमत झालं म्हणून मी खूश. मग सहज विचारलं, शिळं म्हणजे नेमकं काय? एकीच्या मते बिस्किट सादळलं होतं. दुसऱ्याला तेलाचा खवट वास आला होता. तिसरी म्हणाली, ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय. सादळणं म्हणजे ओलावा शिरला. खवटपणा म्हणजे तेलतुपाचं ऑक्सिडीकरण. पुठ्ठ्याचा वास त्या ऑक्सिडीकरणाचाही असू शकतो, नाहीतर थेट खोक्यातूनच आलेला. "शिळं, ६" असा अहवाल गेला असता तर उत्पादनवाल्यांनी काय दुरुस्त करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी टेबलावर तीन झाकलेल्या बरण्या ठेवल्या. एकीत रात्रभर उघडं राहिलेलं बिस्किट, दुसरीत जुनं तेल, तिसरीत भिजवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. बिस्किट चावून झालं, बाकीचं हुंगून झालं, आणि "शिळं" यादीतून गेलं. त्या जागी तीन शब्द आले.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: ज्या शब्दामागे बरणी नाही, तो शब्द कागदावर नाही. गोडीसाठी २, ५, १० आणि १५ टक्के साखरेची द्रावणं करता येतात. तुरटपणासाठी तुरटीचं पातळ द्रावण चालतं. आणि हो, तुरटपणा ही चव नव्हे, तोंड ओढल्यासारखा स्पर्श आहे, हे नव्यांना पटवायला एक दिवस जातोच. कडकपणाची पट्टी तर जनरल फूड्स या अमेरिकी खाद्यकंपनीच्या संशोधकांनी १९६३ सालीच मांडली: १ वर क्रीम चीज, ९ वर खडीसाखर.

यादी तोकडी पडली तरी घोटाळा होतो. नमुन्याला व्हॅनिलाचा वास आहे आणि कागदावर व्हॅनिला किती हे खुणेने दाखवायची रेघच नाही, तर तो वास गोडीच्या रेघेवर जाऊन बसतो. साखर तेवढीच, गोडी मात्र वाढलेली!

आता तुझ्याबद्दल, म्हणजे पॅनलच्या म्होरक्याबद्दल. चर्चेत तू बोलायचं नाहीस. १९४० च्या दशकाअखेरीस आर्थर डी. लिटल या अमेरिकी सल्लागार कंपनीत घडलेल्या जुन्या पद्धतीत चार-सहा जण टेबलाभोवती बसून एकमताने आकडा ठरवत, आणि म्होरक्याही चाखायला असे. १९७४ साली मांडलेल्या क्यूडीए (क्वांटिटेटिव्ह डिस्क्रिप्टिव्ह अ‍ॅनालिसिस) पद्धतीत शब्द सगळे मिळून ठरवतात, पण आकडा प्रत्येकजण आपापल्या बूथमध्ये, रेघेवर खूण करून देतो. म्होरक्या चाखतच नाही. मला ही दुसरी रीत पटते, कारण मी स्वतः माती खाल्ली आहे. एकदा कुणीतरी "करपट" म्हणालं आणि माझी मान नकळत हलली. पुढच्या चार नमुन्यांत सगळ्यांना करपट वास येऊ लागला. त्यातला एक नमुना तर पुरेसा भाजलेलाही नव्हता.

बाकीचं तुला ठाऊक असेलच: नमुन्यांवर तीन आकडी कोड, प्रत्येकाला वेगळा क्रम, मध्ये पाणी, अंगाला अत्तर नाही. नमुन्यांचा रंग कळू नये म्हणून बूथमध्ये लावतात त्या लाल दिव्यांवर मात्र फार विसंबू नकोस. त्यांच्या उजेडात रंगातला फरक झाकतो, तुटके काठ झाकत नाहीत.

सोबतच्या तक्त्यात कुरकुरीतपणाची सरासरी ७ दिली आहेस. सरासरी नको, बाराही जणांचे तिन्ही फेऱ्यांचे आकडे पाठव. सहा जणांनी ४ दिले आणि सहा जणांनी १०, तरी सरासरी ७च येते. आणि कुरकुरीतपणासाठी बरणीत काय ठेवलं होतंस, तेही कळव.